सेकंदांच्या हिशोबातून २,८९० किलोमीटर खोल

कोयना परिसरातले भूकंप जवळून अभ्यासता यावेत म्हणून सह्याद्रीत सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आलं. वरचा सव्वा किलोमीटरभर दख्खनच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट संपला आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं छिद्र तर १२,२६२ मीटरपर्यंत गेलं. त्याहून खोल माणूस आजवर खोदू शकलेला नाही. पृथ्वीचं केंद्र मात्र ६,३७१ किलोमीटरवर आहे.

तरीही आज शास्त्रज्ञ सांगतात की आफ्रिकेच्या खाली, गाभ्याला टेकून, हजार किलोमीटरहून उंच असा बहुधा वेगळ्याच खडकाचा ढिगारा उभा आहे. हवाईच्या खाली गाभ्याच्या सीमेवर जेमतेम वीस किलोमीटर जाडीचा एक चपटा पट्टा आहे. आणि भारताच्या खाली एका नाहीशा झालेल्या समुद्राचा तळ पडून आहे. तिथला खडक कुणी पाहिलेला नाही. हे सगळं भूकंपलहरींना पोहोचायला किती सेकंद उशीर झाला किंवा त्या किती सेकंद लवकर आल्या, यावरून काढलेलं आहे. हा हिशोब एकदा समजला की अशा बातम्यांसोबत येणाऱ्या लाल-निळ्या चित्रांवर किती विश्वास ठेवायचा, हेही आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून निष्कर्ष थोडे बाजूला ठेवून आधी हिशोबच पाहू.

आपला विषय आहे खालचं प्रावरण. भूकवचाच्या खाली सुरू होऊन २,८९० किलोमीटरवर गाभ्याला भिडणारा खडकाचा जाड थर म्हणजे प्रावरण. त्यातला ६६० किलोमीटरच्या खालचा भाग म्हणजे खालचं प्रावरण. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा निम्म्याहून जास्त हिस्सा एवढ्यातच येतो. तो वितळलेला नाही. प्रचंड दाबामुळे घन आहे, पण लाखो-कोटी वर्षांच्या मापाने पाहिलं तर अतिशय संथपणे वाहतो. लाव्हारसाच्या समुद्रावर जमीन तरंगते आहे, ही शाळेपासून मनात बसलेली कल्पना इथे पुसून टाकावी लागते. द्रवरूप आहे तो त्याच्या खालचा बाह्य गाभा, आणि तो लोखंडाचा आहे.

या शास्त्राची एक मोठी पायरी आपल्याच उपखंडात घडली. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँगचा महाभूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. भूकंप नोंदवणाऱ्या दूरच्या केंद्रांवरच्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं की हादरा एकगठ्ठा येत नाही. आधी एक लहर येते, काही मिनिटांनी दुसरी, आणि शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या मोठ्या लहरी. पहिली ती प्राथमिक किंवा पी लहर. तिच्यात खडक पुढे-मागे दाबला जातो. दुसरी दुय्यम किंवा एस लहर. तिच्यात खडक आडवा हलतो. द्रवाला आडवा पीळ पेलता येत नाही, म्हणून एस लहर द्रवातून जातच नाही. १९०६ साली ओल्डहॅम यांनीच भूकंपांच्या नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. काही वर्षांत बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर काढली. आजचा आकडा त्यापासून फारसा दूर नाही.

लहरींचा वेग खडकावर अवलंबून असतो. खडक जितका ताठर, तितकी लहर वेगवान. तापलेल्या खडकात ती मंदावते. खोलीबरोबर दाब वाढतो आणि खडक ताठर होत जातो. त्यामुळे भूकवचात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावणारी पी लहर प्रावरणाच्या तळाशी १३ किलोमीटरहून जास्त वेग गाठते, आणि एस लहर साडेतीनवरून सातच्या पुढे जाते. वेग असा बदलत गेल्याने लहरीची वाट सरळ राहत नाही. ती आधी खोल जाते, मग कमानीसारखी वळून पुन्हा वर येते. याचा एक फार उपयोगी परिणाम होतो. भूकंप आणि केंद्र यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकी त्या लहरीने खोलवर फेरी मारलेली असते. कोणत्या खोलीची माहिती हवी, त्याप्रमाणे भूकंप आणि केंद्रांच्या जोड्या निवडता येतात.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. १९६०च्या दशकात भूमिगत अणुचाचण्या ओळखता याव्यात म्हणून अमेरिकेच्या पुढाकाराने जगभर एकाच बनावटीची सुमारे सव्वाशे भूकंपकेंद्रं उभी राहिली, आणि पुण्याचं केंद्र त्या जाळ्यात होतं. प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांपासून पुणे सुमारे ११,००० किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरासाठी पी लहरीची वाट जवळजवळ गाभ्याला घासून जाते. वाटेतला सर्वांत खोल टप्पा इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या आसपासच्या प्रदेशाखाली येतो, आणि लहर चौदा मिनिटांच्या आत पुण्यात पोहोचते. म्हणजे वानुआतूत हादरा बसला की पुण्यातल्या यंत्राकडे येणारी नोंद इंडोनेशियाखालच्या प्रावरणाच्या तळाची असते. अणुचाचण्या पकडण्यासाठी उभारलेल्या जाळ्याचा पृथ्वीच्या पोटाच्या अभ्यासाला असा उपयोग झाला, हे मला या इतिहासातलं सर्वांत समाधान देणारं वळण वाटतं.

आता प्रत्यक्ष हिशोब. शास्त्रज्ञांकडे पृथ्वीचा एक सरासरी नमुना असतो. १९८१ साली अ‍ॅडम झिवॉन्स्की आणि डॉन अँडरसन यांनी मांडलेला असा नमुना आजही वापरात आहे. अमुक खोलीवर अमुक वेग, एवढंच त्यात धरलेलं असतं. आफ्रिका आणि भारत यांच्याखाली काही फरक नाही, असं समजायचं. त्यावरून कोणती लहर कुठे किती वाजता यायला हवी, याचं वेळापत्रक बनतं. मग खरी नोंद घ्यायची आणि वजाबाकी करायची. लहर उशिरा आली तर वाटेत कुठेतरी मंद खडक होता. लवकर आली तर वेगवान.

फरक किती बारीक असतो पाहा. खालच्या प्रावरणात एस लहर सेकंदाला सुमारे ७.२ किलोमीटर जाते असं धरलं, तर हजार किलोमीटर कापायला तिला जवळपास १३९ सेकंद लागतात. तिथला खडक दोन टक्क्यांनी मंद असेल तर उशीर होतो तीन सेकंदांहूनही कमी. वीस-पंचवीस मिनिटांच्या प्रवासातले हे तीन सेकंद सापडले की त्या खडकाचा पत्ता लागायला सुरुवात होते.

पण उशीर नेमका कुठे झाला? एका लहरीवरून ते कळणं शक्य नाही. एसटीचं उदाहरण घेऊ. सांगलीची गाडी स्वारगेटहून वेळेवर सुटली आणि अर्धा तास उशिरा पोहोचली, तर खोळंबा कात्रजला झाला की कराडला, हे नुसत्या पोहोचायच्या वेळेवरून सांगता येत नाही. पण त्याच दिवशी साताऱ्याला, कोल्हापूरला, चिपळूणला, पंढरपूरला गेलेल्या आणि तिकडून आलेल्या शेकडो गाड्यांच्या वेळा हातात आल्या, तर कोणत्या तुकड्यावरून गेलेल्या सगळ्याच गाड्यांना उशीर झाला ते शोधता येतं. भूकंपलहरींच्या हजारो-लाखो वाटा एकमेकींना छेदतात. प्रावरणाचे ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्यातला वेग अज्ञात धरायचा, आणि सगळ्या उशिरांचा एकाच वेळी मेळ बसेल असे वेग संगणकाकडून काढून घ्यायचे. यालाच भूकंपीय टोमोग्राफी म्हणतात. खालच्या प्रावरणाचं असं पहिलं जागतिक चित्र झिवॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलं. जगभरच्या केंद्रांनी वर्षानुवर्षं कळवलेल्या पी लहरींच्या वेळा त्यामागे होत्या. केंद्रांवर नोंदी वाचून वेळ टिपणाऱ्या कर्मचाऱ्यांचं नाव कोणत्याही शोधनिबंधावर नसतं. पण ते चित्र त्यांच्या टिपणांतूनच उभं राहिलं.

एक अडचण अजून उरते, आणि तिच्यावरचा उपाय मला सगळ्या पद्धतीत सुंदर वाटतो. भूकंप नेमका कुठे आणि कितव्या सेकंदाला झाला, हेही शेवटी लहरींवरूनच काढलेलं असतं. त्यात दोन सेकंदांची चूक असेल तर तीन सेकंदांच्या उशिराला अर्थ काय राहिला? शिवाय केंद्राखालच्या भूकवचातही लहर अडखळलेली असू शकते. उपाय असा: एकाच भूकंपाच्या, एकाच केंद्रावर आलेल्या दोन लहरी घ्यायच्या. एक एस लहर नेहमीच्या कमानीने आलेली; दुसरी थेट गाभ्याच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन, तिथून परावर्तित होऊन आलेली. सुयोग्य अंतरावर दोघींच्या वाटा भूकंपाजवळ आणि केंद्राजवळ जवळजवळ सारख्या असतात. वेगळ्या पडतात त्या खाली खोलवरच. दोघींच्या वेळांची वजाबाकी केली की भूकंपाच्या वेळेतली चूक दोन्हीकडून कटते आणि वरच्या थरांचा गोंधळही बराचसा निघून जातो. उरतो तो बव्हंशी प्रावरणाच्या तळाजवळचा फरक. अशीच दुसरी जोडी आहे: प्रावरणातून आलेली एस लहर, आणि गाभ्याच्या द्रवात शिरताना पी बनून, बाहेर पडताना पुन्हा एस झालेली लहर. तिसरा प्रकार त्या लहरींचा, ज्या गाभ्याच्या कडेने सरपटत विवर्तित होऊन येतात. प्रावरणाचा अगदी तळचा थर पाहायला त्यांच्यासारखं साधन नाही.

या सगळ्यातून काय दिसलं? सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दोन अवाढव्य मंद प्रदेश, एक आफ्रिकेखाली आणि दुसरा प्रशांत महासागराखाली, पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. त्यांत एस लहरी दोन-तीन टक्क्यांनी मंदावतात. गाभ्याच्या पृष्ठभागाचा सुमारे पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त या दोघांनी झाकलेला आहे. भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, सिद्धांताचे दोन शिल्पकार टूझो विल्सन आणि जेसन मॉर्गन यांच्यावरून त्यांना ‘टूझो’ आणि ‘जेसन’ अशी नावंही मिळाली आहेत. आफ्रिकेखालचा तो टूझो. नुसता तापलेला खडक असता तर त्याच्या कडा हळूहळू विरत गेल्या असत्या, कारण उष्णता पसरते. पण २००२ साली सिदाओ नी, डॉन हेल्मबर्गर आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या केंद्रांवरच्या नोंदी वापरून दाखवलं की आफ्रिकेखालच्या प्रदेशाची कड पन्नास किलोमीटरहूनही कमी रुंदीत संपते. कड इतकी धारदार असेल तर तिथला खडक नुसता गरम नसून त्याची घडणच वेगळी असावी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

गाभ्याच्या सीमेलगत याहून विलक्षण छोटे पट्टे आहेत. काही किलोमीटर ते काही डझन किलोमीटर जाडीच्या या पट्ट्यांत एस लहरींचा वेग १० ते ३० टक्क्यांनी पडतो. इतकी घट नुसत्या उष्णतेने समजावणं अवघड आहे. तिथे थोडा खडक वितळलेला असावा, किंवा खडकात लोह जास्त असावं, किंवा दोन्ही. हवाईच्या खालचा पट्टा सॅन कॉटार आणि बार्बरा रोमानोविच यांनी २०१२ साली विवर्तित एस लहरींवरून मोजला: रुंदी सुमारे ९०० किलोमीटर, उंची वीसच्या आसपास. मुख्य लहर येऊन गेल्यावर काही सेकंदांनी तिचीच एक अशक्त पाठराखीण येत होती. पट्ट्यातून वाकून आलेली. २०२० साली दोयॉन किम आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागराभोवतीच्या भूकंपांच्या सुमारे सात हजार आलेखांवर एक संगणकीय पद्धत चालवली. ही पद्धत मुळात खगोलशास्त्रात घडवलेली होती. एकेका आलेखात गोंगाट समजून सोडून दिलेले प्रतिध्वनी सगळे आलेख योग्य क्रमाने लावल्यावर स्पष्ट दिसू लागले, आणि मार्केझस बेटांखालीही असाच पट्टा असल्याचं कळलं.

मंद प्रदेशांच्या आजूबाजूला वेगवान पट्टे आहेत. भूपट्टांच्या सीमांवर खाली गेलेल्या जुन्या समुद्रतळांचे हे थंड तुकडे. कोट्यवधी वर्षांनीही ते आजूबाजूच्या खडकाएवढे तापलेले नाहीत, म्हणून त्यांच्यातून लहरी जलद जातात.

आता लाल-निळ्या चित्रांबद्दल. लाल म्हणजे मंद आणि निळा म्हणजे वेगवान, एवढाच त्यांचा अर्थ. वर्तमानपत्रांत आणि व्हिडिओंत लाल भाग सरसकट ‘गरम’ म्हणून सांगितला जातो, ते मला खटकतं. उष्णता हे मंदपणाचं एक कारण आहे. रासायनिक घडण हे दुसरं. दोन्हींचा वाटा नुसत्या प्रवासाच्या वेळेवरून वेगळा करता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ आणखी एका गोष्टीकडे वळतात. फार मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी कित्येक दिवस कंप पावत राहते. त्यातलं सर्वांत संथ आवर्तन सुमारे ५४ मिनिटांचं असतं. या कंपनांवर खडकाच्या घनतेचाही परिणाम होतो, आणि घनता कळली तर घडणीचा अंदाज लागतो. इथे मतभेद तीव्र आहेत. मियाकी इशी आणि येरोन ट्रॉम्प यांनी १९९९ साली अशा कंपनांवरून हे मंद प्रदेश आजूबाजूपेक्षा जड असल्याचं मांडलं. २०१७ साली पॉला कूलमेयर आणि सहकाऱ्यांना गाभ्याच्या सीमेवर केंद्रित असलेल्या कंपनांवरून ते बव्हंशी हलके असल्याचं दिसलं. त्याच वर्षी हॅरिएट लाउ आणि सहकाऱ्यांनी चंद्र-सूर्याच्या ओढीने घन पृथ्वीला येणारी भरती मोजून त्यांचा तळाकडचा भाग सुमारे अर्ध्या टक्क्याने जड असल्याचा निष्कर्ष काढला. तळाशी जड आणि वर हलकं असं काही असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र बसू शकतात. पण वाद मिटलेला नाही.

२०२५च्या जानेवारीत उट्रेख्ट विद्यापीठातल्या सुजानिया तालावेरा-सोसा, अर्वेन डॉइस आणि सहकाऱ्यांचं काम आलं, आणि त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला: लहर किती मंदावते याऐवजी ती किती विझते? गरम खडकात लहरीची शक्ती जास्त खर्ची पडेल अशी अपेक्षा होती. निघालं उलटं. या मंद प्रदेशांत लहरी फारशा विझत नाहीत. त्या विझतात आजूबाजूच्या थंड समुद्रतळांच्या तुकड्यांत. त्यांचं स्पष्टीकरण स्फटिकांच्या आकाराचं आहे. खाली जाताना त्या तुकड्यांतली खनिजं नव्याने स्फटिकरूप घेतात आणि कण बारीक राहतात. कणाकणाच्या सीमेवर शक्ती झिजते, म्हणून बारीक कण म्हणजे जास्त झीज. मंद प्रदेशांत झीज कमी आहे, याचा अर्थ कण मोठे आहेत. आणि कण मोठे व्हायला फार काळ न ढवळता पडून राहावं लागतं. या संशोधकांच्या मते हे प्रदेश निदान अर्धा अब्ज वर्षं तरी जुने असावेत.

त्यांचा उगम कशात, यावर तीन-चार कल्पना आहेत. पृथ्वीच्या बाल्यावस्थेतल्या वितळलेल्या खडकाचा तळाशी राहिलेला गाळ, युगानुयुगं साचलेलं समुद्री भूकवच, किंवा चंद्राला जन्म देणाऱ्या टकरीतल्या थीया या ग्रहाचे अवशेष. शेवटची कल्पना २०२३ साली संगणकीय प्रतिरूपांसह मांडली गेली आणि बातम्यांत गाजली. मला ती मोहक वाटते, पण भूकंपलहरींकडून तिला थेट दुजोरा मिळालेला नाही.

आपल्या पायाखाली काय आहे? १९९९ साली रॉब व्हॅन डर व्हू, विम स्पाकमन आणि हार्मन बैवार्ड यांनी भारताखाली हजार ते दोन हजार किलोमीटरहून खोल पसरलेले वेगवान पट्टे दाखवले. भारत उत्तरेकडे सरकत असताना त्याच्यापुढचा टेथिस समुद्र आशियाच्या बाजूला खाली गेला. त्याचे हे तुकडे. ते आज ज्या ठिकाणी आहेत, तिथून भारत पुढे सरकून गेला आहे.

श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षण कमी असल्याने समुद्राची सरासरी पातळी जगाच्या तुलनेत सुमारे १०६ मीटरने खाली बसलेली आहे. हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा असा खळगा. २०२३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी गेल्या १४ कोटी वर्षांतला प्रावरणाचा प्रवाह संगणकावर उभा करून त्याचं कारण शोधलं. टेथिसचे तुकडे तळाशी पोहोचले, त्यांनी आफ्रिकेखालच्या मंद प्रदेशाला ढकललं, आणि त्याच्या कडेने वर आलेल्या हलक्या, गरम खडकामुळे हा खळगा पडला, असं त्यांचं म्हणणं आहे.

आणि दख्खनचा बेसाल्ट? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या भूभागाखाली असलेला गरम प्रवाह आज रियुनियन बेटाखाली आहे, असं मानलं जातं. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग भारत पुढे सरकल्याची खूण. हा प्रवाह किती खोलवरून येतो, हे पाहण्यासाठी २०१२-१३मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी रियुनियनभोवतीच्या समुद्रतळावर ५७ भूकंपमापकं ठेवली. त्यांतून आणि इतर केंद्रांच्या नोंदींतून कारिन सिग्लॉख यांच्या गटाने २०२१ साली मांडलेलं चित्र सरळ खांबाचं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेखाली गाभ्यापासून वर येणारा एक रुंद उठाव, आणि त्यातून तिरक्या फुटलेल्या शाखा. लाव्हा ओतणारा प्रवाह शेकडो-हजारो किलोमीटर तिरपा येऊ शकतो, हे दख्खनच्या अभ्यासकांना विचारात घ्यावं लागेल.

या चित्रांना मर्यादा आहेत आणि त्या मोजता येतात. दहा सेकंदांच्या आवर्तनाची एस लहर खालच्या प्रावरणात सुमारे सत्तर किलोमीटर लांब असते; त्याहून फार छोटी वस्तू तिला नीट दिसत नाही. बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या सीमांवर होतात आणि बहुतेक केंद्रं जमिनीवर आहेत, म्हणून दक्षिण गोलार्धातल्या महासागरांखालचा भाग विरळ वाटांवरून अंदाजाने भरलेला असतो. त्यासाठी आता पाण्यात दीड किलोमीटरच्या आसपास खोल तरंगत राहणारी, भूकंपाची लहर ऐकू आली की वर येऊन उपग्रहाला नोंद पाठवणारी यंत्रं समुद्रात सोडली जात आहेत. दक्षिण प्रशांत महासागरात अशी डझनावारी यंत्रं सोडली गेली आहेत. हिंदी महासागरात त्यांची गरज तितकीच आहे, कारण टूझोची पूर्वेकडची कड आणि रियुनियनच्या त्या तिरक्या शाखा याच पाण्याखाली आहेत.